अमोनियम डाययुरेनेट : एका पिवळ्या साक्याची हकीकत

काचेच्या चंचुपात्रात युरेनिल नायट्रेटचे द्रावण घेतले आहे, अशी कल्पना करावी. ते फिकट पिवळे, किंचित हिरवट झाक असलेले आणि पूर्णपणे पारदर्शक असते. त्यात अमोनियाचे पातळ द्रावण थेंबाथेंबाने सोडू लागले, तर प्रथम विशेष काही घडत नाही. थेंब पडतो तेथे क्षणभर ढग उमटतो आणि ढवळताच विरून जातो. असे बराच वेळ चालते. मग अशी एक वेळ येते की ढग विरत नाही, पसरतच जातो, आणि पाहता पाहता सारे द्रावण पिवळेधमक व अपारदर्शक होते. पात्र काही वेळ हलवले नाही, तर पिवळा पदार्थ हळूहळू खाली बसतो व वरचे पाणी अगदी निवळ दिसते. द्रावणातील जवळजवळ सगळे युरेनियम आता तळाशी असते. हा प्रयोग शाळेत करावयाचा नाही. युरेनियमची संयुगे बाळगण्यावर कायद्याने सरकारी नियंत्रण आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु तो मनाने करून पाहण्यास कोणतीच हरकत नाही.

तळाशी बसलेल्या या पदार्थाचे पुस्तकी नाव अमोनियम डाययुरेनेट. शास्त्रीय परिभाषेत अशा पदार्थाला अवक्षेप म्हणतात. पण खाली बसणाऱ्या गाळासाठी मराठीत साका हा शब्द पूर्वीपासून चालत आलेला आहे आणि प्रस्तुत लेखापुरता तोच पुरेसा आहे. जगातील अणुभट्ट्यांत जळणाऱ्या इंधनाचा फार मोठा भाग कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर या पिवळ्या साक्याच्या रूपातून गेलेला असतो. असे असूनही तो रसायनशास्त्रातील एक चमत्कारिक पदार्थ आहे. त्याचे नाव काटेकोरपणे पाहिले तर चुकीचे आहे, त्याचे घटकप्रमाण स्थिर नाही, आणि एकाच कारखान्यात एकाच कृतीने केलेल्या दोन घाण्यांतील साका एकमेकांसारखा निघेलच, अशी खात्री काळजी घेतल्यावाचून देता येत नाही.

या जातीचा साका युरेनियमइतकाच जुना आहे. १७८९ साली बर्लिन येथील मार्टिन क्लाप्रोट या रसायनज्ञाने पिचब्लेंड नावाचे काळे, जड खनिज नायट्रिक अम्लात विरघळविले आणि त्या द्रावणाची आम्लता पोटॅशने मारली. पिवळा साका पडला. पोटॅश अधिक घालताच तो पुन्हा विरघळला. ज्ञात धातूंपैकी एकही असा वागत नव्हता. क्लाप्रोटने अनुमान केले की हे नवेच मूलद्रव्य असले पाहिजे. आठ वर्षांपूर्वी, १७८१ साली, विल्यम हर्शेलने युरेनस हा ग्रह शोधून काढला होता. त्यावरून त्याने या मूलद्रव्याला युरेनियम असे नाव दिले. पुढे साका कोळशाबरोबर तापवून त्याने एक काळा, चकाकणारा पदार्थ मिळविला व तो धातू आहे असे मानले. तो धातू नसून ऑक्साइड होते, हे १८४१ साली पॅरिसमध्ये युजीन पेलिगो याने दाखवून दिले आणि खरा धातू वेगळा केला. म्हणजे बावन्न वर्षे रसायनज्ञ युरेनियमचे ऑक्साइड हातात धरून त्याला युरेनियम म्हणत होते. यात हसण्यासारखे काही नाही. ऑक्सिजनला इतके घट्ट धरून ठेवणारा धातू कोळशाला दाद देत नाही, हे त्या वेळी कोणाला ठाऊक असणार?

क्लाप्रोटचा साका पोटॅशचा होता. सोड्याने सोडियमचा मिळतो, अमोनियाने अमोनियमचा मिळतो. तिघांचा रंग पिवळा ते नारिंगी. एकोणिसाव्या शतकात या भावंडांना बाजार होता तो रंगासाठी. बोहेमियातील काच कारागीर वितळलेल्या काचेत युरेनियमची ही संयुगे मिसळून पिवळसर-हिरव्या काचेचे पेले व फुलदाण्या घडवीत. अशी काच जंबुपार किरणांत धरली असता हिरवी उजळते. जुन्या वस्तूंच्या संग्रहालयांत ती आजही पाहावयास मिळते. या रंगासाठी योआकिमस्थाल येथील खाणीतले पिचब्लेंड वापरीत. त्यातील युरेनियम द्रावणात उतरे, त्याचा पिवळा रंग होई, आणि न विरघळलेला तपकिरी चोथा टाकून देत. १८९८ साली मारी व पिएर क्यूरी यांना पिचब्लेंडमध्ये युरेनियमहून कितीतरी अधिक तीव्रतेने किरण टाकणारी नवी द्रव्ये आढळली, आणि पुढील कामासाठी त्यांनी मागविला तो हाच चोथा. रेडियम चोथ्यात राहिले होते. ज्याची किंमत येत होती त्या पिवळ्या भुकटीत ते नव्हते.

युरेनियम साक्यात जाते आणि त्याचे सोबती मागे राहतात, किंवा याच्या उलट घडते. या साध्या घटनेतून किरणोत्सर्गाविषयीचे एक मोठे सत्य उघडकीस आले. १९०० साली लंडन येथे विल्यम क्रुक्स याने युरेनियमच्या द्रावणात अमोनियम कार्बोनेट घातले. साका पडला. तेच द्रव्य आणखी घालताच साका पुन्हा विरघळला. परंतु तळाशी किंचितसा तपकिरी गाळ मात्र तसाच राहिला. तो त्याने गाळून वेगळा केला. आता छायाचित्रणाच्या काचेवर शुद्ध युरेनियम ठेवले तर काच काळी पडेना, आणि तो चिमूटभर गाळ ठेवला तर लगेच काळी पडे! युरेनियमचा म्हणून समजला गेलेला गुण गाळाबरोबर निघून गेला होता. गाळातील अज्ञात द्रव्याला क्रुक्सने ‘युरेनियम एक्स’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी आंरी बेक्रेल याने असेच वेगळे करून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले, तेव्हा प्रकार उलटा झाला होता. युरेनियमला त्याचा गुण परत मिळाला होता आणि जे वेगळे काढले होते ते निष्प्रभ झाले होते.

धुऊन काढलेला गुण आपोआप परत यावा, हे विलक्षण होते. त्याचा अर्थ १९०२ च्या सुमारास अर्नेस्ट रदरफर्ड आणि फ्रेडरिक सॉडी यांनी लावला. युरेनियमचे अणू फुटून त्यांचे दुसऱ्या मूलद्रव्यात रूपांतर होत असते; ते दुसरे द्रव्य वेगळे केले तरी युरेनियम ते पुन्हा निर्माण करते. युरेनियम एक्स म्हणजे आज आपण ज्याला थोरियम-२३४ म्हणतो ते. त्याचे निम्मे अणू सुमारे २४ दिवसांत फुटतात. म्हणून आज शुद्ध केलेला पिवळा साका डब्यात बंद करून ठेवला, तर काही महिन्यांनी त्यातून बाहेर पडणारे बीटा किरण आजच्याहून पुष्कळच वाढलेले आढळतात. भुकटीत बाहेरून काहीही मिसळलेले नसते.

खुद्द युरेनियम मात्र संथ आहे. युरेनियम-२३८ चे निम्मे अणू फुटण्यास जवळजवळ ४४७ कोटी वर्षे लागतात; म्हणजे पृथ्वीच्या वयाइतकाच काळ. तरीही एका ग्रॅममध्ये अणूंची संख्या इतकी प्रचंड असते की दर सेकंदाला सुमारे १२,४०० अणू फुटतच असतात.

नावात काय आहे

आता नावाकडे वळू. अमोनियम डाययुरेनेट म्हणजे दोन अमोनियम गट आणि ‘डाययुरेनेट’ नावाचा एक ऋण आयन. त्या आयनात दोन युरेनियम व सात ऑक्सिजन. हे सूत्र क्रोमियमच्या डायक्रोमेटवरून बेतलेले आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतील नारिंगी पोटॅशियम डायक्रोमेट वाचकांच्या परिचयाचे असेल. त्यात दोन क्रोमियम व सात ऑक्सिजन यांचा एकसंध आयन खरोखरच असतो. तो स्फटिकातही सापडतो आणि पाण्यातही पोहत असतो. जुन्या रसायनज्ञांना वाटले की युरेनियमही तसाच वागत असावा. पृथक्करणाचे आकडे ढोबळमानाने जमत होते, म्हणून नाव रूढ झाले.

सूत्र खरे असते, तर साक्यात प्रत्येक युरेनियम अणूमागे एक अमोनियम गट सापडावयास हवा होता. प्रत्यक्षात तसे कधी सापडले नाही. १९६२ साली कॉर्डफुंके या डच रसायनज्ञाने युरेनियम ट्रायऑक्साइड, अमोनिया आणि पाणी या तिघांपासून कोणकोणती घन संयुगे होतात याचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. त्याला चार पदार्थ आढळले. पहिल्यात अमोनिया मुळीच नाही. तो नुसता पाणी धरलेला ट्रायऑक्साइड. दुसऱ्यात तीन युरेनियम अणूंमागे एक अमोनिया, तिसऱ्यात दोनांमागे एक, आणि चौथ्यात तीनांमागे दोन. एकास एक हे पुस्तकातले प्रमाण या चारांत कोठेच नाही. पुढे याविषयीही वाद झाला. काही संशोधकांच्या मते ही चार स्वतंत्र संयुगे नसून एकच रचना आहे आणि तिच्यात अमोनियाचे प्रमाण अखंडपणे कमीजास्त होऊ शकते.

वाद कसा उद्भवू शकतो, हे आतील रचना पाहिली की कळते. द्रावणात युरेनियम एकटे नसते. त्याचा एक अणू दोन बाजूंना दोन ऑक्सिजन अणूंना घट्ट धरून सरळ रेषेत उभा असतो. या त्रिकुटाला युरेनिल आयन म्हणतात आणि सौम्य रसायनांनी ते मोडत नाही. अम्ल द्रावणात युरेनिल आयन सुटे असतात. आम्लता कमी होऊ लागली की पाण्यातले हायड्रॉक्सिल गट त्यांना कमरेपाशी चिकटतात आणि दोन-दोन, तीन-तीन युरेनिल आयनांच्या साखळ्या बांधू लागतात. आरंभीच्या प्रयोगात अमोनिया पडूनही बराच वेळ काही दिसत नव्हते, तेव्हा आत हे काम चालू होते. आम्लता दाखविणारा पीएच अंक साडेतीन ते चारच्या आसपास आला की या जोडण्या वाढून त्यांचे विस्तीर्ण थर बनतात, आणि पीएच सातच्या सुमारास पोहोचेतो साका पडण्याचे काम जवळजवळ पुरे होते. साक्याचा कण म्हणजे अशा थरांची चळत. थरांच्या मध्ये पाणी व अमोनियम राहतात. पुस्तकाच्या पानांत पिंपळाची पाने जपून ठेवावीत, त्यातला हा प्रकार आहे. पाने कमी ठेवली काय किंवा अधिक ठेवली काय, पुस्तक पुस्तकच राहते. म्हणून अमोनिया अधिक घातला तर साक्यातही तो काहीसा अधिक शिरतो आणि रंग पिवळ्याकडून नारिंगीकडे झुकतो. डाययुरेनेटचा सुटा आयन या चळतीत कोठेही नसतो.

असे असता नाव का बदलत नाहीत, असा प्रश्न विचारला जाईल. अनुवाद करताना या लेखकालाही तो पडतो, कारण ‘द्वियुरेनेट’ असा संस्कृत अवतार घडविला, तर चूक अधिकच ठसठशीत होते. उत्तर एवढेच की नाव व्यवहारात सोयीचे आहे आणि हिशेबालाही फारसे बाधत नाही. पुस्तकी सूत्राप्रमाणे ६२४ ग्रॅम भुकटीत ४७६ ग्रॅम युरेनियम असावयास हवे, म्हणजे शंभरात सुमारे ७६ भाग. प्रत्यक्ष आकडा याच्याच आसपास येतो, कारण वजनाचा भार युरेनियमवर आहे. हलका अमोनिया इकडेतिकडे झाल्याने तराजूला फार फरक कळत नाही. अचूक मोजमाप हवे असेल, तर साका खूप तापवून त्याचे ठराविक रचनेचे काळसर ऑक्साइड करतात आणि तेच तोलतात.

अमोनियाच का

पोटॅश आणि सोडा स्वस्त असताना इंधनासाठी अमोनियाच का पसंत केला जातो? कारण अमोनिया निघून जातो. सोडियमचा साका कितीही तापविला तरी सोडियम तेथेच राहते. अमोनियमचा साका तापविला की प्रथम पाणी उडते, मग अमोनिया, आणि ४०० अंश सेल्सियसच्या आसपास युरेनियम ट्रायऑक्साइडची नारिंगी-पिवळी भुकटी उरते. मदतीला आलेल्या द्रव्याने काम संपताच मागमूस न ठेवता निघून जावे, ही रसायनकारखान्यातील फार मोठी सोय होय. जाता जाता तो थोडे कामही करतो. काही अमोनिया तापून फुटतो, त्याचा हायड्रोजन युरेनियमकडून थोडा ऑक्सिजन काढून घेतो, आणि भुकटीत काळे कण दिसू लागतात.

या निर्मळपणाला एवढे महत्त्व का, हे अणुभट्टीत काय चालते ते आठवले की ध्यानात येते. तेथे न्यूट्रॉनांचा हिशेब अतिशय काटकसरीचा असतो. बोरॉनसारखे मूलद्रव्य न्यूट्रॉन अधाशीपणे गिळते. म्हणून इंधनात बोरॉन दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी असावे लागते. इतकी शुद्धता एकट्या साक्याने साधत नाही. आपल्या देशातील क्रम पाहिला तर हे स्पष्ट होईल. झारखंडातील जादुगुडा येथील खनिज गरीब आहे. एका टनात एक किलोग्रॅमभरही युरेनियम नसते. तेथील गिरणीत युरेनियम अम्लाने विरघळवून मॅग्नेशियमच्या कच्च्या डाययुरेनेटच्या रूपात वेगळे काढण्याची पद्धत पडली. हैदराबाद येथील न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये, ज्याची उभारणी १९७० च्या सुमारास झाली, हा कच्चा माल नायट्रिक अम्लात विरघळवितात. मग रॉकेलसारख्या तेलात ट्रायब्युटिल फॉस्फेट मिसळून त्या तेलाशी द्रावण घुसळतात. युरेनियम तेलात जाते, अशुद्ध द्रव्ये पाण्यात राहतात. तेलातून युरेनियम पुन्हा स्वच्छ पाण्यात उतरवितात, आणि या शुद्ध द्रावणात अमोनिया सोडतात. त्याही आधी मुंबईजवळ तुर्भे येथे हे रसायन चालू झाले होते; १९५९ च्या जानेवारीत तेथे अणुभट्टीच्या प्रतीचा युरेनियम धातू प्रथम ओतण्यात आला.

साका पाडणे हे या मालिकेतले सर्वांत सोपे काम वाटते. खरे पाहता जाणत्या तंत्रज्ञाचे लक्ष सर्वांत जास्त असते ते येथेच. दुधात लिंबू पिळले तर ते क्षणात फाटते व त्याचे कण वेगळे होतात. विरजण लावले तर सावकाश, एकजीव दही लागते. दूध तेच, पण पदार्थ दोन. अमोनियाही घाईने ओतला की असंख्य सूक्ष्म कण एकदम जन्माला येतात. साका चिकट, बुळबुळीत होतो, गाळणीवर पाणी सोडत नाही आणि आपल्या थरांत नायट्रेट अडकवून ठेवतो. फार रेंगाळत घातला तर कण मोठे व निबर होतात. द्रावणाची तीव्रता, उष्णता, ढवळण्याचा वेग, अमोनिया द्रवरूप आहे की हवेत मिसळलेला वायू, या प्रत्येक गोष्टीचा ठसा कणावर उमटतो.

आणि हा ठसा पुसला जात नाही. साका गाळतात, सुकवितात, भाजतात, ट्रायऑक्साइड होते. त्यावरून ६०० ते ७०० अंशांना हायड्रोजन सोडतात. गडद तपकिरी-काळा डायऑक्साइड होतो. रंग बदलला, अमोनिया गेला, पाणी गेले, स्फटिकाची आतील मांडणी दोनदा मोडून नवी झाली, तरी कणाची बाह्याकृती व बारीकपणा बऱ्याच अंशी साक्यातल्याप्रमाणेच राहतो. ही काळी भुकटी दाबून करंगळीच्या पेराएवढ्या गुटिका करतात व त्या हायड्रोजनच्या वातावरणात सुमारे १,७०० अंशांना भाजतात. त्या वेळी कण एकमेकांना बिलगून गुटिका आक्रसली पाहिजे. घन सेंटिमीटरला १०·९६ ग्रॅम ही पूर्ण घनता. कारखान्याला हवी असते ती साडेदहाच्या आसपास. कण निबर असतील तर गुटिका पोकळ राहते, फार सूक्ष्म असतील तर तडकते. काळी भुकटी अतिसूक्ष्म असेल तर हवेत येताच आपोआप पेटूही शकते. म्हणून तिला अगोदर बेताने थोडी हवा दाखवून शांत करावे लागते. भट्टीतून बाहेर आलेल्या सदोष गुटिकेचे कारण शोधीत जाणारा तंत्रज्ञ पुष्कळदा चार टप्पे मागे, अमोनियाच्या टाकीपाशी येऊन पोहोचतो. जर्मनीत यावर तोडगा म्हणून अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइडही सोडून अमोनियम युरेनिल कार्बोनेटचे मोठे, वाळूप्रमाणे सहज ओघळणारे स्फटिक करण्याची पद्धत प्रचारात आली. क्रुक्सने ज्या रसायनाचा उपयोग केला त्याचेच हे औद्योगिक रूप होय.

वरच्या निवळ पाण्याचीही वासलात लावावी लागते. पुस्तकी समीकरणाप्रमाणे ६२४ ग्रॅम साक्यामागे ३२० ग्रॅम अमोनियम नायट्रेट पाण्यात उतरते. ते नदीनाल्यात सोडून चालत नाही.

भुकटीपासून धोका किती? नैसर्गिक युरेनियमचे अल्फा किरण कागदाच्या कपट्यानेही अडतात. तेव्हा बंद डबा शेजारी असल्याने घाबरण्याचे कारण नाही. भय आहे ते धूळ श्वासावाटे किंवा तोंडावाटे आत जाण्याचे. पिवळा साका शरीरातील द्रवांत तुलनेने लवकर विरघळतो व रक्तातून मूत्रपिंडांत पोहोचतो; तेथे तो शिशाप्रमाणे जड धातूचे विष म्हणून अपाय करतो. काळा डायऑक्साइड सहसा विरघळत नाही, म्हणून तो फुप्फुसांत दीर्घकाळ राहतो व तेथे त्याचे किरण बाधतात. अशा कारखान्यांतील कामगारांची मूत्रतपासणी वरचेवर होते, ती यासाठी.

तोकाईमुरा येथील टाकी

हे सर्व झाले नैसर्गिक युरेनियमविषयी. त्यात साखळी प्रक्रिया सुरू करणारे युरेनियम-२३५ शंभरात एक भागही नसते, अवघे ०·७२ टक्के. असे युरेनियम साध्या पाण्यात विरघळवून कितीही मोठ्या टाकीत भरले तरी साखळी प्रक्रिया सुरू होत नाही. पण युरेनियम-२३५ चे प्रमाण कृत्रिम रीतीने वाढविलेले, म्हणजे समृद्ध युरेनियम असेल तर टाकीचा आकार हाही रसायनाचा भाग होतो. उंच व अरुंद नळीत न्यूट्रॉन बाजूंनी निसटून जातात. रुंद, बसक्या टाकीत ते आतच भटकत राहतात व नवे अणू फोडतात.

जपानमधील तोकाईमुरा या गावी एका खाजगी कंपनीचा लहानसा कारखाना होता. जोयो या प्रायोगिक अणुभट्टीसाठी तेथे १८·८ टक्के समृद्ध युरेनियमचे शुद्ध द्रावण तयार करावयाचे होते. मान्य पद्धतीत द्रावण एकजीव करण्यासाठी अरुंद नळ्यांची योजना होती. ते काम वेळखाऊ व गैरसोयीचे. शेजारीच अमोनियाने साका पाडण्याची टाकी होती. तिचा व्यास सुमारे ४५ सेंटिमीटर, तीत ढवळणारे यंत्र होते आणि भोवती थंड पाण्याचे वेष्टन. कंपनीने मान्य पद्धत वर्षानुवर्षे थोडी थोडी वाकवीत आणली होती. पोलादी बादल्यांत युरेनियम विरघळविणे तेथे नित्याचे झाले होते. या वेळी बादल्यांतील द्रावण नरसाळ्यातून थेट साक्याच्या टाकीत ओतण्यात आले. टाकीची मर्यादा होती २·४ किलोग्रॅम युरेनियमची. १९९९ सालच्या सप्टेंबरच्या ३० तारखेस सकाळी १० वाजून ३५ मिनिटांनी सातवी घाण ओतली जात असता टाकीत सुमारे १६·६ किलोग्रॅम युरेनियम जमले होते. निळा प्रकाश चमकला आणि धोक्याच्या घंटा वाजू लागल्या.

अमोनियाचा एक थेंबही त्या दिवशी टाकीत पडला नव्हता. तेथे साका पाडावयाचाच नव्हता. फक्त टाकी वापरली होती. ओतणारे कामगार टाकीशीच उभे होते. ही मर्यादा का ठरवलेली आहे, हे त्यांना कोणी नीट समजावून दिलेले नव्हते. दोघांचा पुढे मृत्यू झाला, एकाचा डिसेंबरात व दुसऱ्याचा पुढील एप्रिलात. पलीकडच्या खोलीतील तिसरा बचावला. आसपासच्या १६१ रहिवाशांना घरे सोडावी लागली, आणि दहा किलोमीटरच्या परिसरातील सुमारे तीन लाख दहा हजार लोकांना दारे-खिडक्या लावून घरातच राहावे, असे सांगण्यात आले.

प्रक्रिया थांबेना. द्रावण तापून फसफसले की ती मंदावे, निवले की पुन्हा चढे. टाकीभोवतीचे थंड पाणी निसटू पाहणारे न्यूट्रॉन परत आत लोटीत होते. ते पाणी काढणे आवश्यक होते आणि त्यासाठी इमारतीजवळ जाणे भाग होते. मध्यरात्रीनंतर कारखान्याच्या कर्मचाऱ्यांच्या लहान लहान तुकड्या पाळीपाळीने, काही मिनिटांच्या बोलीने, जाऊ लागल्या. पाण्याची नळी फोडून वेष्टन रिकामे करण्यात आले आणि १ ऑक्टोबरच्या सकाळी, सुमारे वीस तासांनी, न्यूट्रॉनांचा मारा थांबला. तो पुन्हा सुरू होऊ नये म्हणून टाकीत बोरिक अम्ल सोडले गेले. ज्या बोरॉनचा लवलेशही इंधनात राहू नये म्हणून एरवी एवढा खटाटोप करतात, तेच तेथे लिटरांनी ओतावे लागले.